टेबलाखालची आई

आई टेबलाखाली गेली ती फक्त पहिल्या दिवसापुरती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे लोक नाही नाही ते बोलले. टेबलाखाली बसायची तिला मुळीच हौस नव्हती. ती चांगली पदवीधर होती. शेवटच्या वर्षाला तिने बालमानसशास्त्र घेतलं होतं आणि 'मूल स्वावलंबी कसे होईल' या प्रश्नाला पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. अशी बाई सहज उठून टेबलाखाली जाऊन बसत नाही. तशी वेळ यावी लागते.

वेळ आणली शाळेने. शाळेने आपली इमारत बंद केली आणि वर्ग घरोघरी पाठवून दिले. पहिलीचा वर्ग या घरात जेवणाच्या टेबलावर येऊन उतरला. बाबांचा जुना लॅपटॉप, त्याला उंची यावी म्हणून खाली दोन जाडजूड शब्दकोश, समोर खुर्ची, खुर्चीवर उशी आणि उशीवर भोंगा.

भोंगा म्हणजे या घरातली मुलगी. तिला खरं नाव होतं आणि ते चांगलं होतं, सगळ्यांनी मिळून भांडून भांडून ठरवलेलं. पण जन्मल्याबरोबर तिने दवाखान्यात असा काही टाहो फोडला की आजोबा म्हणाले, "अरे, हा तर भोंगा!" आणि इतक्या भांडणांतून निघालेलं नाव बिचारं कागदावरच राहिलं. गंमत अशी, की घराबाहेर या भोंग्यातून अक्षर फुटत नसे. घरात ती डोळे उघडल्यापासून बोलत असायची. चपलेशी गप्पा मारायची, बादलीशी भांडायची, बंद पडलेल्या घड्याळाला धीर द्यायची. परका माणूस दिसला की तोंडाला कुलूप. आणि टीचर लॅपटॉपमधून येत असल्या, तरी परक्याच.

पहिल्या चाचणीनंतर टीचरचा फोन आला.

"मुलगी गोड आहे हो तुमची," टीचर म्हणाल्या.

'गोड' शब्द ऐकताच आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. हुशार मुलाला शिक्षक हुशार म्हणतात. गोड म्हणायची पाळी येते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

"पण ती बोलतच नाही," टीचर पुढे म्हणाल्या. "मी प्रश्न विचारते, ती माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघते. असा आमचा तास संपतो. यंदा वर्षअखेर फक्त तोंडी परीक्षा आहे. त्यात बोलली नाही, तर मला तिला पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल. मला वाईट वाटेल, पण नियम आहे."

फोन ठेवल्यावर आईने भोंग्याचं पुढचं सगळं आयुष्य एका दमात बघून टाकलं. पुन्हा पहिली. मग पुन्हा पहिली. बाकाखाली न मावणारे गुडघे. बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या आहेत आणि भोंगा अजून बेडकाचं चित्र रंगवते आहे. बाबा म्हणाले, "अगं, सहा वर्षांची आहे ती. बोलेल की." बाबांचं हे असंच. ते पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होते आणि हल्ली आतल्या खोलीत दार लावून दिवसभर लोकांना "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं सांगत. घरातल्या तक्रारींनाही तोच आवाज, तीच शांतता.

तेव्हा आईने ठरवलं की पहिला दिवस आपण नुसतं जवळ बसायचं. मुलीला धीर आला की उठायचं. पण पालकांनी कॅमेऱ्यात दिसायचं नाही अशी शाळेची सक्त ताकीद होती. ती बाजूला उभी राहिली तर भोंगा बाजूला बघायची आणि टीचर लगेच विचारायच्या, "कुठे बघतेस, बाळ?" मुलीला हात लागेल इतकं जवळ आणि तरी कुणाला दिसणार नाही, अशी घरात एकच जागा होती. म्हणून टेबलाखाली.

टेबलाखालचं जग ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना आपल्या घराची पुरती ओळख नाही असंच म्हणावं लागेल. आईला तिथे हरवलेला चमचा सापडला. टेबलाच्या पोटाला चिकटवलेलं च्युइंगम सापडलं, आणि तेही लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा, बरोबर बाबांच्या खुर्चीसमोरच्या जागी. स्वच्छतेवर भाषणं देणारा माणूस! पण तो विषय तिने मागे ठेवला, कारण वर प्रश्न सुरू झाले होते.

"सांग बरं, पाच आणि तीन किती?"

वर शांतता. ही शांतता टेबलाखाली फारच मोठी ऐकू येते. मोज्यातले दोन पाय हलायचे थांबले होते. आईने स्वतःला बजावलं की आपण धीर द्यायला आलो आहोत, उत्तर द्यायला नाही. आणि ते बजावत असतानाच तिचा हात पुढे झाला आणि तिने भोंग्याच्या गुडघ्यावर टकटक, टकटक करत आठ वेळा बोट आपटलं.

"आठ," वरून आवाज आला.

"शाब्बास! बोलली गं माझी बाय!" टीचरच जास्त आनंदल्या. आईने आनंदाने मान वर केली, टेबल डोक्याला लागून उचललं गेलं आणि लॅपटॉपमधल्या पहिलीच्या सगळ्या वर्गाला भोंग्याच्या घरी भूकंप झालेला दिसला.

त्या दिवशी डोक्याला टेंगूळ आलं, पण आई गाणं गुणगुणत होती. अर्थात दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली गेली. आज धीर काढून घेतला तर मुलगी खचेल, असं तिच्या बालमानसशास्त्राने तिला सांगितलं. बालमानसशास्त्राचा हा मोठाच फायदा आहे. आपल्याला जे करायचं असतं, त्याला ते नाही म्हणत नाही.

गणित असं झकास चाललं. भाषेत मात्र अडायला लागलं. शब्द काही गुडघ्यावर आपटता येत नाहीत. "कापूस कुठून मिळतो?" असं टीचरने विचारलं, तेव्हा आईने झाड सुचवण्यासाठी खूप धडपड केली आणि शेवटी घाईत भोंग्याचा मोजाच ओढला.

"मोज्यातून," भोंगा म्हणाली.

"वेगळा विचार आहे," टीचर म्हणाल्या. या वाक्यातही आईला 'गोड' शब्दाचा वास आला.

तास संपल्यावर खुर्चीतून आजोबांचा आवाज आला. आजोबा म्हणजे आईचे सासरे. सगळी नोकरी त्यांनी वाहतूक पोलिसात, शहरातल्या सर्वांत वाईट चौकात उभं राहून काढली होती. इतके दिवस ते वर्तमानपत्राच्या वरून हा प्रकार बघत होते.

"सूनबाई, आधी बाहेर या. वाहतूक अशी खालून चालवत नाहीत."

"मग कशी चालवतात?" आईने केसातली जळमटं काढत विचारलं.

"गाडी चालवणाऱ्याची नजर समोर असते. आपण त्याच्या समोर उभं राहायचं. लॅपटॉपच्या मागे, सरळ रेषेत. पोरगी माझ्याकडे बघेल आणि तुमच्या टीचरला वाटेल आपल्याकडेच बघते आहे. आणि हात असा दाखवायचा, की आंधळ्यालासुद्धा कळला पाहिजे."

आजोबांनी कपाटातून पांढरे हातमोजे काढले. आईला आधी हसू आलं, पण आजोबा हसत नव्हते. त्यांनी त्या संध्याकाळी भोंग्याला सगळ्या खुणा शिकवल्या. दोन्ही हात वर म्हणजे झाड. तळहात छातीसमोर उभा म्हणजे 'नाही'. हात गोल फिरवून आपल्याकडे ओढला म्हणजे 'बोल, बोल, मागे गाड्या तुंबल्यात'. प्राण्यांसाठी आणि ऋतूंसाठी वेगळ्या खुणा होत्या. हिवाळा दाखवताना आजोबा असे कुडकुडत की आई शाल आणायला धावे. आकड्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. "हिशेब माझ्याकडे कधीच नव्हता, तो हवालदार बघायचा," ते म्हणाले. म्हणून गणित टेबलाखाली आणि बाकीचे विषय टेबलासमोर, अशी खात्यांची वाटणी झाली.

यानंतर भोंग्याची जी प्रगती झाली, तिला तोड नव्हती. तिला सगळं यायला लागलं. टीचर तिला विचारत, ती समोर बघे, उत्तर देई. बाकीची मुलं अडली की टीचर म्हणत, "चला, आता भोंग्याला विचारू." हो, वर्गातही तिचं नाव भोंगाच झालं होतं. ते आजोबांमुळे. एकदा टीचर काहीतरी शोधायला उठल्या आणि वर्गातल्या मुलांनी एकदम गलका केला. कुणी गात होतं, कुणाचा कुत्रा भुंकत होता, कुणी उगाचच "मला ऐकू येतंय का?" असं विचारत होतं. आजोबांच्या डोळ्यांसमोर तो त्यांचा चौक उभा राहिला असावा. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

वर्ग चिडीचूप. कुत्रासुद्धा.

"कोणी वाजवली?" टीचर धावत आल्या. भोंग्याने खाली टेबलाखाली बघितलं. आईला शिट्टीसाठी गुडघ्यावर किती टकटक करावी हे सुचेना.

"तिच्या चौकटीतून भोंगा वाजला," एक मूल म्हणालं.

"अगं, किती छान! उद्यापासून वर्ग सुरू होताना तूच वाजवत जा."

अशा रीतीने आजोबा निवृत्तीनंतर पुन्हा कामावर रुजू झाले. सकाळी ते दाढी करून, बूट घालून लॅपटॉपमागे उभे राहू लागले. घरात बूट कशाला, असं आईने विचारलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट्याने टेबलाखाली गेली.

भोंग्याची कीर्ती समोरच्या घरात पोचायला वेळ लागला नाही, कारण समोरच्या वहिनींची मुलगी त्याच वर्गात होती. तिला सगळे प्रोफेसरीणबाई म्हणत. ती चालायच्या आधी वाचायला लागली, असं वहिनी सांगत. आता प्रोफेसरीणबाई मागे पडली होती, आणि वहिनी साखर मागायच्या निमित्ताने आल्या.

"काय करता हो तुम्ही हिला?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आमची तर घोकून घोकून थकली."

"काही नाही हो. मी तर बाजूलासुद्धा बसत नाही," आई म्हणाली. शब्दशः ते खरं होतं.

"उजेड कमी आहे मात्र. चेहरा काळपट दिसतो पोरीचा. मी तज्ज्ञांचं ऐकलंय, उजेड कमी पडला की मेंदू मंदावतो." वहिनी कुठल्या तज्ज्ञांचं ऐकत हे कुणाला माहीत नव्हतं, पण ते रोज त्यांच्याशी बोलत असावेत. "थांबा, माझ्याकडचा मोठा दिवा देते."

दिवा आला. तो लग्नसमारंभात फोटोवाल्यांकडे असतो तसला होता. त्याची वायर लॅपटॉपच्याच बोर्डात, त्याच बोर्डात पंखा, त्यातच आतल्या खोलीतल्या बाबांच्या यंत्रांचं सगळं. आईने टेबलाखालूनच हात काढून बटण दाबलं. भोंगा क्षणभर सूर्यासारखी तळपली आणि घरातली वीज गेली. आतून बाबांचा आवाज थांबला. मग दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पॅन्ट, डोक्यावर हेडफोन आणि चेहऱ्यावर या घरात सहसा न दिसणारा भाव.

"फोनवरच्या माणसाच्या पंपात शॉर्टसर्किट झालं होतं," ते म्हणाले. "मी त्याला सांगत होतो, की घाबरू नका, अशा वेळी घरातली वीज..." त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग पांढरे हातमोजे घातलेल्या आपल्या वडिलांकडे, मग टेबलाखालून बाहेर आलेल्या बायकोच्या पायांकडे. "हे काय चाललंय?"

"शाळा," टेबलाखालून आई म्हणाली.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," असं कुणालाही उद्देशून न म्हणता बाबा फ्यूज बघायला गेले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका सकाळी आई दूध गरम करत होती. टेबलाशी भोंगा बसली होती, शाळा अजून सुरू झाली नव्हती. आईने नेहमीसारखं विचारलं, "गरम हवं की गार?"

 भोंग्याने आधी समोर, लॅपटॉपच्या मागे बघितलं. तिथे आजोबा नव्हते. मग वाकून टेबलाखाली बघितलं. तिथे आई नव्हती, कारण आई ओट्याशी होती. मग ती पुन्हा सरळ बसली आणि वाट बघू लागली.

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. गेल्या महिन्यापर्यंत हीच मुलगी दुधावर साय का येते यावर बादलीशी वाद घालायची. हल्ली बादलीशी भांडण ऐकू येत नव्हतं. चपलेशी गप्पा नव्हत्या. आईच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण सगळा वेळ ती टेबलाखाली होती.

"गरम की गार, बाळा?" तिने पुन्हा विचारलं.

"तूच सांग ना," भोंगा म्हणाली.

त्या दिवशी आईने आजोबांना हे सांगितलं. आजोबांनी हातमोजे काढून त्यांची घडी केली. "बंद करू या," ते म्हणाले. पण तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती. आता आधार काढला तर मुलगी परीक्षेत गप्प बसणार, गप्प बसली तर पुन्हा पहिली. आधार ठेवला तर दुसरी, पण मग दुसरीतही टेबलाखाली, तिसरीतही. लग्नात बोहल्याखाली बसावं लागेल, असं आईला दिसायला लागलं. तिने शाळेत फोन लावला. परीक्षा थोडी पुढे ढकलता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

"त्यासाठी पालकांना स्वतः शाळेत यावं लागेल," कारकून म्हणाला.

"शाळा बंद आहे ना?"

"हो तर. म्हणून तर कोणी येत नाही."

"मग फोनवर कुणाशी बोलू?"

"परीक्षा विभागाशी. पण तो दुपारी असतो."

आईने दुपारी लावला. "परीक्षा विभाग," तोच आवाज म्हणाला.

"सकाळी तुम्हीच होता ना?"

"सकाळी मी प्रवेश विभाग असतो. आता सांगा, काय काम होतं?"

आईने पुन्हा सगळं सांगितलं. परीक्षा विभागाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे प्रवेश विभागाला विचारावं लागेल."

परीक्षेचा दिवस उजाडला. फक्त आजचा दिवस, मग सोडून देऊ, असं म्हणत आई खाली गेली आणि आजोबा समोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"परीक्षेआधी आपण एक खेळ खेळू," टीचर आनंदाने म्हणाल्या. "प्रत्येकाने आपला फोन नाहीतर लॅपटॉप उचलायचा आणि मला आपली खोली दाखवायची. वर, खाली, सगळीकडे. चला!"

पुढचं सगळं फार पटकन झालं. आजोबा चाळीस वर्षं भर चौकात उभं राहिलेले, ते पळाले नाहीत. कॅमेरा वळला तेव्हा ते दोन्ही हात वर करून झाड झाले आणि झाडच राहिले. मग लॅपटॉप खाली आला. टेबलाखाली, आईच्या नाकासमोर, सगळा वर्ग चौकटी चौकटींनी हजर झाला.

"नमस्कार," आई म्हणाली. टेबलाखालून माणूस दुसरं काय म्हणणार?

आणि तेवढ्यात तिचं त्या चौकटींकडे लक्ष गेलं. एका चौकटीत सोफ्यामागे एक बाबा पालथे पडले होते, त्यांची पँट तेवढी दिसत होती. एका कपाटाचं दार आतून ओढलं जात होतं. एक आजी पुस्तक उघडून निवांत बसल्या होत्या, त्या लपल्याच नव्हत्या, त्यांना लपायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. आणि एका ओळखीच्या फुलाफुलांच्या पडद्याखाली ओळखीच्या सपाता घातलेले दोन पाय होते. समोरच्या वहिनी!

"मला वाटतच होतं," टीचर हळूच म्हणाल्या. "पहिलीच्या पोरांना 'पर्जन्यमान' शब्द येतो कसा?"

तेवढ्यात प्रोफेसरीणबाईचा आवाज आला. "टीचर, तुमची पण खोली दाखवा ना."

टीचर गडबडल्या. पण मुलं ओरडायला लागली आणि त्यांना फोन फिरवावा लागला. फोनच्या मागे एका स्टुलावर त्यांचे यजमान उभे होते, एका हातात उन्हाला आडोसा म्हणून छत्री, दुसऱ्या हातात आजच्या प्रश्नांचा कागद. ते बिचारे लाजले आणि छत्री मिटून घेतली.

टीचर आधी हसल्या, मग पुन्हा टीचर झाल्या. "आता सगळी मोठी माणसं खोलीबाहेर. आमचीसुद्धा."

या घरात बाहेर जायचं म्हणजे जिन्यावरच, कारण बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर एकच होतं आणि आतल्या खोलीत बाबांचे पंप चालू होते. आई आणि आजोबा बाहेर आले. मागे दार आपोआप लागलं. खट्ट. किल्ली आत. समोरचं दारही तसंच खट्ट झालं आणि वहिनी जिन्यावर उभ्या राहिल्या.

वहिनींनी सपातांवरची धूळ झटकली.

"मी पडद्यामागे असायचे," शेवटी वहिनी म्हणाल्या. "एकदा शिंकलेसुद्धा."

"मी टेबलाखाली," आई म्हणाली. "च्युइंगम आहे हो तिथे."

मग आतून टीचरचा आवाज आला आणि आईने दाराला कान लावला.

"भोंगा, सोपा प्रश्न. तुझ्या घरात कोण कोण आहे?"

शांतता. दाराबाहेरची शांतता टेबलाखालच्या शांततेहून वाईट असते. तिथे निदान गुडघा तरी हाताशी असतो. आई मनातल्या मनात सांगत होती, बाळा, आई म्हण, बाबा म्हण, काहीतरी म्हण. तिने दाराची मूठ धरली. मूठ फिरेना.

"बाळ, सावकाश सांग," टीचर म्हणाल्या.

"आई," आतून अगदी बारीक आवाज आला. मग खाकरल्याचा आवाज. मग, "आई टेबलाखाली असते."

वहिनी तोंडावर हात ठेवून हसल्या. आईने त्यांच्याकडे जळजळीत बघितलं, पण कान काढला नाही.

"आणि?"

"आणि आजोबा. ते रस्त्यावर उभे असतात, पण घरात. त्यांना बूट असतात. आणि बाबा दाराच्या आत असतात, ते लोकांना सांगतात की तक्रार घेतली आहे, पण ते ती कुठे ठेवतात ते मला माहीत नाही. आणि मी खुर्चीवर असते. आणि बादली असते." आवाज आता चढला होता. "बादली माझ्यावर रागावलीय, कारण मी तिच्याशी बोललेच नाही किती दिवस."

आजोबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. जिन्यावर फार धूळ असते, असं ते म्हणाले.

"छान! आता सात आणि पाच किती?"

"अकरा!" भोंग्याने ठणकावून सांगितलं.

"अगं बाई, बारा!" वहिनी कळवळल्या. आईचं बोट आपोआप दारावर टकटक करायला गेलं. आजोबांनी हळूच ते बोट धरलं.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा बघ बरं," आत टीचर म्हणाल्या.

"थांबा हां, मी मोजते." पुटपुट ऐकू आली. मग, "टीचर, हाताची बोटं संपली."

"मग?"

"पायाची घेते." खुर्ची सरकली, काहीतरी धपकन पडलं, उशी असावी, आणि मग एवढ्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून बघायला आलं, "बारा!"

पुढे टीचरने फळांची नावं विचारली, त्यात भोंग्याने बटाटा सांगितला आणि तो फळ का आहे यावर टीचरशी वादही घातला. आई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत राहिली. शेवटी टीचर म्हणाल्या, "बरं बाई, तू म्हणशील तसं. दुसरीत भांडू आपण." ते ऐकून आई पायरीवर बसली, आणि वहिनीही तिच्याशेजारी टेकल्या.

आतून स्टूल ओढत आणल्याचा आवाज आला. खडखड झाली आणि दार उघडलं. दारात भोंगा उभी होती, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. चेहरा असा फुललेला, जणू बक्षीस मिळालंय.

"आई! मी चुकले!"

"ऐकलं मी, बाळा."

"मी एकटी चुकले. कोणी नव्हतं तिथे. आणि टीचर रागावल्याच नाहीत."

आईने उठून तिला जवळ घेण्यासाठी हात पुढे केले. भोंग्याने त्या हातांकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"आता नको. चित्रकला आहे. तू इथेच थांब हं."

आणि दार पुन्हा लागलं. खट्ट.

आईचा हात घंटेकडे गेला होता, तो तिने खाली घेतला. आतून रंगांचा डबा उपडा केल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भोंग्याचा, कुठल्यातरी खडूला दरडावत असलेला. वहिनी पायरीवर सरकल्या आणि त्यांनी आईला जागा करून दिली.